आवाजाला वेळ, वासाला वाट

घर घेताना आपण किती गोष्टी पाहून घेतो! पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, ओटा केवढा आहे, बाजार किती लांब आहे. एक गोष्ट मात्र कुणालाच आधी पाहून घेता येत नाही. वरच्या मजल्यावर पहाटे किती वाजता मिक्सर लागतो आणि खालच्या मजल्यावरून संध्याकाळी कसला वास वर येतो, हे राहायला गेल्यावरच कळतं. तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात!

वाड्यात आणि चाळीत आवाज आणि वास काही कमी नव्हते. डोक्यावर लाकडी तक्तपोशी, सगळ्यांत मिळून एक नळ, एका घरची फोडणी चार घरांत खोकला काढायची. पण तिथे दारं दिवसभर उघडी असत. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाची रात्रपाळी आहे, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. "अगं, हळू! तिकडे बाळ झोपलंय," असं म्हणणारी एखादी आजी जिन्यातच बसलेली असायची. फ्लॅटचं दार बंद झालं आणि हे सगळं थांबलं. आता भिंतीपलीकडून येतो तो नुसता आवाज. त्याच्यामागचं माणूस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाचा राग फार लवकर येतो.

शिवाय तक्रारींचे विषय काय असतात ते पाहा. मिक्सर, भांडी, फोडणी, केर, मुलांची धावपळ, कपड्यांचं ठिबकणारं पाणी. सगळे आपल्या राज्यातले! सोसायटीच्या सभेत बोलतात पुरुषमंडळी, पण दारावरची बेल वाजते ती बहुधा आपल्यासाठी. म्हणून या विषयाचा विचार आपणच एकदा नीट करायला हवा, नाही का?

आधी कान आणि नाक तपासा

'नावडतीचं मीठ अळणी' म्हणतात ते शेजाराला अगदी लागू पडतं. जिच्याशी आपलं जमतं तिच्या घरचा लसणाचा वास खमंग वाटतो, जिच्याशी बिनसलंय तिच्या घरचा तोच वास डोकं उठवतो. तेव्हा तक्रार करण्याआधी एक आठवडाभर एखाद्या वहीत साधी नोंद ठेवा : वार, वेळ, किती मिनिटं आणि त्यामुळे आपलं नेमकं काय अडलं. "रोज रात्रभर चालतं" असं वाटणारं पुष्कळदा आठवड्यातून दोनदा, रात्री अकरापर्यंत असतं. कधी उलटही दिसतं, की आपण समजत होतो त्यापेक्षा त्रास जास्त आहे. दोन्ही बाबतींत बोलायला बळ येतं.

मग आवाज येतो कुठून ते पाहा. आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे खिडकी, दाराखालची फट, वायुवीजनाचा डक्ट यांतून. दुसरा भिंती, स्लॅब आणि नळांतून, थरथरीच्या रूपानं. आपली खिडकी घट्ट लावून बघा. आवाज बराच कमी झाला तर तो हवेतून येतोय. तेवढाच राहिला आणि भिंतीला हात लावल्यावर थरथर जाणवली, तर तो बांधकामातून येतोय. अशा आवाजाची दिशा फार फसवी असते. डोक्यावर ठकठक ऐकू येते म्हणून आपण वरच्या घरी जातो, आणि ठोकाठोक चाललेली असते शेजारच्या जिन्यातल्या घरात! नळ झटकन बंद केला की पाईपमध्ये पाण्याचा धक्का बसून 'धाड्' असा आवाज येतो, तोही भिंतीतून दूरवर जातो. पाईपला पकडी नीट बसवून घेतल्या की तो पुष्कळ कमी होतो. त्यात कुणा शेजारणीचा दोष नसतो.

वासाचंही तसंच आहे. आमच्या इमारतीत एका घरी आठ दिवस गटाराचा वास येत होता. शेजारच्यांचा केर, शेजारच्यांची मोरी असं बोलून झालं. प्लंबरनं येऊन पाहिलं तर पाहुण्यांच्या खोलीतली वापरात नसलेली न्हाणी कोरडी पडलेली! न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभं असतं, तेच गटारातल्या वायूला अडवतं. महिनाभर पाणी गेलं नाही की ते सुकतं आणि वास सरळ घरात येतो. औषध काय, तर एक तांब्या पाणी! गावाहून परतल्यावर पहिलं काम हेच करावं.

आवाजामागचं वेळापत्रक

आता खरोखरच शेजाऱ्यांकडून आवाज येतोय असं धरू. तो 'मुद्दाम' येतोय असं मनात येतं ना? तिथेच गोष्ट बिघडते. मुद्दाम त्रास देणारी माणसं असतात, नाही असं नाही, पण फार थोडी. बहुतेक आवाजांच्या मागे एखादं वेळापत्रक असतं.

आमच्याच इमारतीतलं पाहा. तिसऱ्या मजल्यावर पहाटे पाचला धुणं धोपटायला सुरुवात व्हायची. खालच्या मजल्यावरच्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, रात्री डोळा लागायलाच दोन वाजत. काकूंनी तीन महिने दात-ओठ खात काढले. शेवटी एका संध्याकाळी त्या वर गेल्या, तेव्हा सगळा उलगडा झाला. नगरपालिकेचं पाणी पाच ते पावणेसहा येणार. वरच्या वहिनी सकाळी सव्वासातला नोकरीला निघणार. त्याआधी पाणी भरणं, धुणं, दोन डबे. त्या बाईला पहाटे पाचला धोपटण्याची काही हौस नव्हती! आणि खाली आजारी माणूस आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तोड अशी निघाली : पहाटे फक्त पाणी भरून ठेवायचं, बादलीखाली पायपुसणं घालायचं म्हणजे ती फरशीवर घासणार नाही, आणि धुणं संध्याकाळी सहानंतर. काकूंनी त्या वेळी वहिनींच्या मुलीला आपल्याकडे अभ्यासाला बसवायचं कबूल केलं. "धुणं बंद करा" असं म्हणून हे कधीच झालं नसतं, कारण धुणं काही बंद होत नाही.

तेव्हा आवाजाच्या बाबतीत 'बंद करा' म्हणू नका. वेळ मागून घ्या.

इथे एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. कायद्याचं घड्याळ आणि शेजाराचं घड्याळ एक नसतं. कायद्याच्या लेखी रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेची रात्र सकाळी नऊला सुरू होते. तान्ह्या बाळाच्या आईची रात्र बाळ झोपेल तेव्हा. दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळही मोलाची असते. हे कायदा सांगणार नाही, आपणच एकमेकींना सांगायला हवं. जिन्यातल्या फळ्यावर 'अमुक घरी परीक्षा आहे, अमुक घरी आजारी माणूस आहे' एवढं लिहिलं तरी पुष्कळ काम होतं.

ओट्यापासून सुरुवात

दुसऱ्याकडे जाण्याआधी आपलं घर आवाजाला आवरतं का, ते पाहून घेऊ. यात खर्च फारसा नाही.

मिक्सर : ओटा भिंतीत बसवलेला असतो, म्हणून मिक्सरची थरथर थेट शेजारच्या खोलीत जाते. मिक्सर भिंतीला टेकवून ठेवू नका. त्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा. घडी केलेलं फडकं मात्र घालू नका, त्यानं तळाची हवेची भोकं बुजतात आणि मोटर तापते. सकाळची चटणी आणि वाटण रात्री साडेनऊच्या आत करून ठेवलं तर पहाटेचा प्रश्नच मिटतो.

खलबत्ता : ओट्यावर कधीच कुटू नये. जमिनीवर गोणपाटाची चौपदरी घडी घालून, भिंतीच्या कडेला, जिथे खाली तुळई असेल तिथे बसावं. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त थरथरतो.

कपडे धुण्याचं यंत्र : चारही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहा. एक पाय अधांतरी असला की पिळताना यंत्र नाचतं आणि खालच्या घरातलं छतही. पाय फिरवून उंची जुळवता येते.

खुर्च्या, टेबलं, दारं : पायांना जाड नमद्याचे किंवा जुन्या मोज्यांचे तुकडे बांधा. आपटणाऱ्या दाराच्या चौकटीला फोमची पट्टी लावा.

टीव्ही : शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंतीवर शक्यतो नको. त्या भिंतीला कपड्यांचं किंवा पुस्तकांचं भरलेलं कपाट लावलं तर थोडा फरक पडतो. थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून शेजारचा आवाज अडत नाही, त्यात पैसे घालवू नका.

मुलं : घरातल्या घरात चेंडू आपटणं आणि दोरीच्या उड्या यांना रात्री आठनंतर मनाई असावी. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' हा न्याय स्लॅबला कळत नाही. पण तान्हं मूल रडतं, दोन वर्षांचं मूल धावतं, याबद्दल कुणाच्या दारात जाऊ नये. त्या आईची झोप आपल्याआधीच उडालेली असते.

वासाचं काय करायचं?

वास हा आवाजापेक्षा नाजूक विषय. आवाजाबद्दल बोलताना आपण यंत्राबद्दल बोलतो. वासाबद्दल बोलताना पाहता पाहता माणसाच्या खाण्यापिण्याबद्दल, आणि मग जातीबद्दल बोलू लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत किनारपट्टीकडचं एक कुटुंब भाड्यानं राहायला आलं. पावसाळ्यात ताजी मासळी कमी, म्हणून घरात सुकट, बोंबील, सोडे. दोन महिन्यांत समितीकडे अर्ज गेला : 'यांना मासे करायला बंदी करावी.' सभेत बरीच चर्चा झाली. एक वयस्क काकू, स्वतः कांदासुद्धा न खाणाऱ्या, शेवटी उठून म्हणाल्या, "मला तो वास सोसत नाही हे खरं. पण माझ्या घरी लोणी कढवताना त्या पोरीला उलट्या व्हायच्या, तिला तिसरा महिना होता. ती नाही आली अर्ज घेऊन." सभा गप्प झाली.

मग नेमकी तक्रार काय आहे ते कागदावर मांडलं, तेव्हा तिचे दोन भाग पडले. सामाईक गच्चीवर मासळी वाळत घालणं आणि केराची पिशवी रात्री जिन्यात ठेवणं, हा एक भाग. ते कुणीच करू नये, मग त्यात मासळी असो की फणसाची चारखंडं. दुसरा भाग स्वयंपाकघरात शिजणाऱ्या अन्नाचा. त्यावर बंदी मागायचा कुणालाच हक्क नाही असं ठरलं, आणि मला ते योग्य वाटतं. आपल्या घरात आपलं अन्न शिजवणं हा उपद्रव नव्हे. कुजणारा केर, तुंबलेली मोरी, पाळीव जनावराची न काढलेली घाण, डक्टमध्ये टाकलेलं खरकटं हा उपद्रव. ही रेघ मनाशी स्पष्ट असली की बोलणं सोपं होतं.

त्या कुटुंबानंही दोन्ही गोष्टी लगेच मान्य केल्या. राहता राहिला वास. त्याला अडवता येत नाही, पण वाट करून देता येते.

पंखा : स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी लावावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा. त्याचं तोंड शेजारच्या खिडकीकडे असेल तर वर वळवलेला पाईप बसवून घ्यावा. पंख्यावर तेलाची पुटं चढली की तीच वास मारतात, महिन्यातून एकदा गरम पाणी आणि सोड्यानं धुवावा.

मासळी : तिच्या उग्र वासाला कारण असणारे पदार्थ अल्कलीच्या जातीचे असतात, म्हणून आंबटानं ते मारले जातात. आपल्या आज्या मासळीला चिंच-कोकम लावायच्या ते चवीसाठी तर खरंच, पण यासाठीही. धुतलेलं पाणी मोरीत गेल्यावर आधी थंड पाणी ओतावं, मग लिंबाच्या साली किंवा थोडं व्हिनेगर. काटे-खवले वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि सकाळी घंटागाडी आली की टाकावेत.

मिरची आणि मसाला : हा तर आपल्या घरोघरचा अपराध! मिरच्या भाजताना त्यांतला तिखटपणा हवेत उडतो आणि साऱ्या जिन्याला ठसका लागतो. दमेकरी माणसाला तो खरोखर बाधतो. एप्रिल-मेमध्ये मसाल्याचं भाजणं गच्चीवर करावं, शेजारणींना आदल्या दिवशी सांगावं, आणि कुटायला मिरची-कांडपाकडे द्यावं.

ओला केर आणि खत : ओला केर बंद पिशवीत गुदमरला की कुजतो आणि घाण येते. त्यातलं पाणी निथळून द्यावं. बाल्कनीत खत करत असाल तर केराच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला किंवा नारळाचा भुसा टाकावा, आणि डब्याला हवेची भोकं असावीत. नीट जमलेल्या खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाण येत असेल तर ओलं जास्त झालंय असं समजावं.

धूप-उदबत्ती : हा वास पवित्र म्हणून त्याची तक्रार कुणी करत नाही, पण धूर तो धूरच. शेजारी दम्याचं मूल असेल तर आपल्याकडची खिडकी बघून लावावी.

बोलायचं कसं?

पहिला नियम : रागाच्या भरात, आवाज चालू असताना जाऊ नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोघी रिकाम्या असताना जावं. दुसरा नियम : इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही लिहू नये. चार घरांसमोर अपमान झालेलं माणूस चूक कबूल करत नाही. तिसरा नियम : ताकाला जाऊन भांडं लपवू नये. "तुमच्याकडे फारच पाहुणे येतात हो!" असा टोमणा मारून काहीच साधत नाही.

सरळ असं म्हणता येईल : "वहिनी, पाच मिनिटं आहेत का? एक अडचण सांगायची होती. रात्री तुमच्याकडे खुर्च्या सरकतात तो आवाज आमच्या सासूबाईंच्या खोलीत फार येतो. तुम्हाला वरून कळणारच नाही तो. दहानंतर तेवढं जपता येईल का?" यात आरोप नाही, अडचण आहे. मागणं एकच आहे आणि ते पुरं करता येण्याजोगं आहे. शेवटी, "आमच्याकडून तुम्हाला काही त्रास होत असेल तर सांगा हं," असं जरूर म्हणावं, आणि उत्तर आलं तर ऐकून घ्यायची तयारी ठेवावी!

आणि बेल आपल्या दाराची वाजली तर? "आजवर कुणी बोललं नाही, तुम्हालाच बरा त्रास होतो!" हे वाक्य जिभेवर येतंच. ते गिळावं. "बरं झालं सांगितलंत, बघते," एवढं म्हणावं. आणि खरंच बघावं.

कायद्याची वेळ आली तर

दोनदा बोलूनही फरक पडला नाही, तर घोंगडं भिजत ठेवू नये. सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा, आठवड्याच्या नोंदी जोडाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत सभासदानं इतरांना उपद्रव होईल असं वागू नये, हे कलम असतंच. ते दाखवून द्यावं.

लाऊडस्पीकर आणि मोठ्यानं लावलेलं संगीत यांसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. आकड्यांतला फरक थोडा वाटतो, पण डेसिबल दहानं वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले ठरावीक सणाचे दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढाच अपवाद. ११२ क्रमांकावर पोलिसांकडे तक्रार करता येते. फोनवरचं डेसिबल मोजणारं साधन अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये.

पण पोलीस एक रात्र येऊन जातात. जिना मात्र रोजचा असतो. म्हणून ही पायरी शेवटची.

तक्रार न करण्याचा एक आवाज

भिंतीपलीकडून येणारा एक आवाज मात्र वेगळा आहे. वस्तू आपटल्याचा, मारल्याचा, बाईच्या किंवा मुलाच्या दबलेल्या रडण्याचा. पुष्कळ इमारतींत त्याचीही गणना 'कटकट' म्हणूनच होते. टीव्हीचा आवाज वाढवला जातो, आणि सकाळी जिन्यात भेटल्यावर सगळे नजर चुकवतात. तो त्यांच्या घरचा प्रश्न, असं आपण म्हणतो. मिक्सरसाठी वर जाणाऱ्या आपण, यासाठी का जात नाही?

२००८ साली 'बेल बजाओ' नावाची एक मोहीम देशभर गाजली होती. तिचं सांगणं साधं होतं : असा आवाज आला की जाऊन त्या दाराची बेल वाजवा, काहीतरी क्षुल्लक निमित्त सांगा. बाहेर कुणीतरी ऐकतंय एवढं कळलं तरी उगारलेला हात पुष्कळदा थांबतो. एकटीनं न जाता दोघी-तिघींनी जावं. धोका वाटला तर ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात, आणि सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईला एकटीला गाठून, "काही लागलं तर माझं दार वाजव, कितीही वाजलेले असोत," एवढं सांगून ठेवावं.

मैत्रिणींनो, हे तीन क्रमांक आज एका कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावा. आणि पुढच्या वेळी शेजारणीची वाटी परत करायची असेल, तेव्हा ती मुलाच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन जा. दोन मिनिटं दारात उभ्या राहा. तिच्या घरी पाणी किती वाजता भरतात, कुणाची पाळी कधी, कुणाचं औषध कधी, हे सहज विचारून घ्या, आणि आपल्या घरचंही सांगा.